मु. पो. १०.०.२.१५, शहाड

कसारा लोकलने कल्याण सोडलं की पहिलं स्टेशन शहाड. टिटवाळ्याच्या गणपतीला निघालेल्या मंडळींच्या लेखी शहाड म्हणजे कल्याणला बसायला जागा मिळाली की नाही याचा निकाल लागण्याचं ठिकाण. शहाडकरांच्या लेखी मात्र प्रश्न जास्त गहन आहेत. स्टेशनच्या एका अंगाला कल्याण-डोंबिवली महापालिका, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरची. त्यामुळे पायाखालचा खड्डा नेमका कोणाच्या हद्दीतला, हे ठरवण्याचा सराव इथल्या पोरांना शाळेत जाण्याआधीपासून असतो. एकाच जागी दोन कारभार चालू असणं आणि दोघांनाही आपणच मालक वाटणं, यात शहाडकराला काही नवल वाटत नाही. संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवण्याचं शास्त्र या भागात फार न शिकवता रुजलं, त्यामागे हेही एक कारण असावं.

ते बघायला कुठल्या आयटी पार्कात जायला नको. लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि दशक्रिया विधीची कार्डं करून देणाऱ्या डीटीपीच्या दुकानात डोकवावं. पडद्यावर विंडोज ११ असते. आणि तिच्या बरोब्बर मधोमध, एका चौकटीत, दुसरी विंडोज ठाण मांडून बसलेली असते : निळं आकाश, पांढरे ढग, हिरवीगार टेकडी आणि खाली डाव्या कोपऱ्यात हिरवं ‘स्टार्ट’. ती टेकडी कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यातली. चार्ल्स ओ’रिअर नावाच्या छायाचित्रकाराने ती १९९६ मध्ये टिपली आणि २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर ती जगभरच्या टेबलांवर जाऊन बसली. ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. अमेरिकेच्या हिशेबाने ती त्या दिवशी वारली. इथे ती रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की उठते, अगरबत्ती ओवाळून घेते आणि कामाला लागते.

तिला जिवंत ठेवण्याचं कारण भावनिक नाही, चक्क मराठी आहे.

युनिकोड घरोघरी पोचण्याआधी मराठी छपाई चालली ती पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीवर, सी-डॅकच्या आयएसएमवर, आकृती आणि तत्सम मंडळींवर. या फॉन्टांची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांसाठी राखलेल्या घरांत त्यांनी आपले काना, मात्रा, अर्धे ‘र’ आणि जोडाक्षरांचे तुकडे नेऊन बसवले. फॉन्ट असेल तर ‘श्री गणेशाय नमः’. फॉन्ट नसेल तर त्याच जागी डॉलर, टक्के आणि डोक्यावर टिंबं असलेली फ्रेंच अक्षरं, म्हणजे गणपतीऐवजी पॅरिसची पाकशाळा. सोबतीला पेजमेकर. अल्डस कंपनीने १९८५ मध्ये आणलेला हा कार्यक्रम १९९४ मध्ये अ‍ॅडोबीच्या घरी गेला, २००१ मध्ये सातव्या आवृत्तीपर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. अ‍ॅडोबीने सगळ्यांना सांगितलं की आता इनडिझाइनवर या. महाराष्ट्रातल्या डीटीपीवाल्यांनी मान डोलावली आणि पेजमेकर पुन्हा उघडला.

हा नुसता हट्ट नव्हे. दुकानाच्या हार्ड डिस्कवर वीस-पंचवीस वर्षांच्या पत्रिका साठलेल्या असतात. मॅटर ठरलेलं : वर गणपती, मग कुलदैवतांची रांग, ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’, मुहूर्त, स्थळ आणि शेवटी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. फक्त नावं बदलायची. जुन्या इनडिझाइनला पेजमेकरच्या फायली निदान उघडता तरी येत होत्या. सीएस सिक्सनंतरच्या आवृत्त्यांनी तोही दरवाजा बंद केला. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा तर रूपांतराच्या गाळणीतून ‘सुऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ हमखास जखमी होऊन बाहेर येतात. गिऱ्हाईक समोर बसलेलं, मुहूर्त पुढच्या रविवारचा. अशा वेळी आधुनिकतेची वाट चालायला कोणाला सवड असते?

तेव्हा मार्ग एकच : नव्या संगणकात जुना संगणक वसवायचा. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर नावाचा कार्यक्रम टाकायचा. बाहेरच्या विंडोजला या धंद्यात होस्ट म्हणतात आणि आतल्या बयेला गेस्ट. यजमान आणि पाहुणी. पाहुणीला राहायला मेमरीचा एक तुकडा आणि हार्ड डिस्क म्हणून एक भलीमोठी फाईल काढून द्यायची. एक्सपी बिचारी अल्पसंतुष्ट. तिच्या जन्माच्या वेळी १२८ एमबी मेमरीची शिफारस होती. आज तिला एक जीबी दिली की माहेरच्या एका खोलीतून सासरच्या वाड्यात आल्याचा आनंद होतो आणि ती सुरू व्हायला विंडोज ११ पेक्षा कमी वेळ घेते. यावर यजमानाने काय समजायचं ते समजावं.

या पाहुणचारातली खरी गंमत अशी की आपण पाहुणी आहोत हे पाहुणीला कळता कामा नये. तिला दाखवलं जातं ते सगळं यंत्र बनावट असतं. चिपसेट म्हणून व्हर्च्युअलबॉक्स तिच्यापुढे इंटेलचा पीआयआयएक्स-३ ठेवतो, म्हणजे १९९० च्या दशकातला, तिच्या ओळखीचा. नेटवर्क कार्डही त्याच जमान्यातलं. आणि ‘हा संगणक कोणी बनवला?’ असं तिने विचारलंच तर उत्तर मिळतं : इनोटेक जीएमबीएच. इनोटेक ही जर्मन कंपनी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, २०१० मध्ये सनला ओरॅकलने घेतलं, तरी यंत्रावरची पाटी काही बदललेली नाही. उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असतं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद या भागात इतकी वर्षं चालू आहे की आता त्यावर सिंधी दुकानदारच आधी हसतात. पण तिथे निदान माल तरी खरा असायचा. इथे मदरबोर्डपासून सीडी ड्राइव्हपर्यंत वस्तू एकही नाही, नुसती पाटी आहे, आणि गिऱ्हाईक खूश आहे.

ही फसवणूक सोपी नव्हती. मूळ कल्पना आयबीएमची, १९६० च्या दशकातली. एका अवाढव्य आणि महागड्या यंत्रावर प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र यंत्र मिळाल्याचा भास करून द्यायचा, असा तो खटाटोप. १९७२ मध्ये त्याचं व्हीएम/३७० नावाचं बाजारी रूप आलं. ते तयार झालं तेही गमतीनेच : नव्या ३७० यंत्रांवरची सोय हाताशी येण्याआधी जुन्या यंत्राच्या पोटात नव्याचं सोंग उभं केलं आणि त्या सोंगावर नवी प्रणाली तपासून घेतली. मग १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी नियमच लिहून काढले. त्यांचा सारांश असा की नाजूक प्रश्न विचारणारी प्रत्येक आज्ञा आधी यजमानाच्या हाती सापडली पाहिजे, म्हणजे त्याला सोयीचं उत्तर देता येईल.

आपल्या टेबलावरच्या इंटेलच्या चिपने हा नियम कधी मनावर घेतला नव्हता. २००० साली रॉबिन आणि अर्व्हाइन या संशोधकांनी पेंटियमच्या आज्ञा एकेक करून तपासल्या तेव्हा सतरा आज्ञा चुगलखोर निघाल्या. काही जणी यजमानाला न विचारता पाहुणीच्या कानात खरी परिस्थिती सांगायच्या. काही त्याहून वाईट : सांगितलेलं काम न करता ‘केलं’ म्हणून गप्प बसायच्या. सरकारी कचेरीत उमेदवारी केलेला माणूस दुसरा प्रकार चटकन ओळखेल. असल्या आज्ञांमुळे पीसीवर व्हर्च्युअल मशीन नीट चालणारच नाही, असं जाणकारांचं आधीपासूनच मत होतं. ते खोटं ठरवलं स्टॅनफर्डशी नातं असलेल्या काही लोकांनी. मेंडेल रोझेनब्लम, डायान ग्रीन, एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन आणि एलेन वँग यांनी १९९८ मध्ये व्हीएमवेअर काढली आणि १९९९ मध्ये असा कार्यक्रम विकायला आणला की तो पाहुणीच्या आज्ञा चालण्याआधीच वाचायचा, अडचणीच्या आज्ञा खोडून त्या जागी बिनधोक्याच्या लिहायचा आणि मगच पुढे सोडायचा. म्हणजे प्रूफरीडर, पण विलक्षण वेगवान आणि चहा न मागणारा. पुढे २००५ अखेर इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने चिपमध्येच सोय केली आणि प्रूफरीडरचं काम पुष्कळ हलकं झालं.

इतकी सोय झाली खरी, पण काही संगणकांत ती बंदच असते, आणि ती चालू करायचं बटण बायोसच्या तळघरात असतं. याचा त्रास डीटीपीवाल्यापेक्षा कल्याण-उल्हासनगरच्या कॉलेजांत आयटी शिकणाऱ्या मुलांना जास्त. लिनक्सचं प्रॅक्टिकल असतं. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकला जातो. उबुंटू ६४ बिट निवडायला जावं तर यादीत सगळं ३२ बिट. पोरगं इंटरनेटवरून तेच पुन्हा पुन्हा उतरवून घेतं, बाप ‘नवीन लॅपटॉप घेऊन दिला तरी रडगाणं संपत नाही’ म्हणतो, आणि चूक दोघांचीही नसते. बायोसमध्ये शिरायची किल्ली एका कंपनीची एफ-२, दुसरीची एफ-१०, तिसरीची डिलीट, आणि तीही संगणक सुरू होतानाच्या त्या निमिषमात्र क्षणी दाबायची. गर्दीच्या लोकलमध्ये दार गाठण्याचं कसब असलेल्या मुलांना ते जमतं. बाकीचे जर्नलमध्ये मित्राच्या पडद्याचा फोटो चिकटवतात.

डीटीपीवाल्याची कसोटी वेगळी. श्रीलिपीबरोबर डोंगल मिळायचं. ते लावलेलं नसेल तर फॉन्ट हजेरी देत नाहीत. व्हर्च्युअल मशीनला हा बोटभर तुकडा दाखवणं हे मोठंच कर्मकांड आहे. यूएसबीच्या यादीत जाऊन त्याच्यापुढे खूण करायची, की तो यजमानाच्या नजरेतून नाहीसा होतो आणि पाहुणीच्या हाती पडतो. एका वेळी दोघांना तो दिसत नाही. त्यात कोणी शेजारच्या भोकात पेनड्राइव्ह लावला, चुकून त्याच्यावर खूण झाली, की पेनड्राइव्हही आत गडप. गिऱ्हाईक घाबरून विचारतं, “काका, माझ्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते त्यात!” काका शांतपणे म्हणतात, “जात नाहीत कुठे ताई, आतल्या घरात गेलेत.”

आतल्या घरात माऊससुद्धा जातो. गेस्ट अ‍ॅडिशन्स नावाचा जोडसामान-संच टाकलेला नसेल तर बरेचदा असं होतं की पाहुणीच्या चौकटीत क्लिक केलं की बाण तिथेच अडकतो. भिंतींवर आपटतो, बाहेर येत नाही. सुटकेची किल्ली म्हणजे उजव्या हाताचा कंट्रोल. डावा नव्हे, उजवाच. आयुष्यभर डाव्या कंट्रोलने कॉपी-पेस्ट केलेल्या माणसाला उजवीकडेही तसंच बटण आहे हा शोध त्या दिवशी लागतो. नवशिका पोऱ्या मात्र थेट वायर ओढतो, आणि वीस-बावीस कुलदैवतं सेव्ह न होता अंतर्धान पावतात.

पाहुणीच्या डिस्कची फाईल हा आणखी एक नमुना. लागेल तशी वाढत जाते म्हणून तिचं कौतुक होतं. लागेल तशी वाढते हे खरंच. पण आतून फायली पुसल्या म्हणून ती आपोआप लहान होत नाही. दिवाळीत फुगते आणि फुगलेलीच राहते. यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही, वाचकांपैकी अनेकांना अनुभव असेल.

स्नॅपशॉट ही सोय मात्र खरोखर अद्भुत. आत्ताची स्थिती जशीच्या तशी टिपून ठेवायची आणि पुढे काही बिघडलं की त्या घटकेला परत जायचं. पेनड्राइव्हमधून विषाणू आला? चला मागे, काल संध्याकाळी. त्या विषाणूचं नामोनिशाण राहत नाही. आज सकाळपासून आतल्या डिस्कवर केलेल्या पत्रिकांचंही राहत नाही, हे नंतर लक्षात येतं. म्हणून शहाणी माणसं तयार फायली यजमानाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात. विषाणूची भीती पोकळ नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर संगणक ओलीस धरले तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी रामराम केलेल्या एक्सपीसाठीही खास डागडुजी पाठवावी लागली होती. तेव्हा पाहुणीला खाऊपिऊ घालावं, पण इंटरनेटची वायर देऊ नये.

दिलीच तर तिला पत्ता मिळतो १०.०.२.१५. व्हर्च्युअलबॉक्सचं नेटवर्क मूळ मांडणीत ठेवलं तर प्रत्येक पाहुण्याला हाच पत्ता मिळतो : शहाडलाही, सॅन होजेलाही. जगभरातल्या असंख्य यंत्रांचा घरनंबर एक, आणि कोणाचं टपाल कोणाला जात नाही, कारण यजमान दारातच सगळं घेऊन आत वाटतो. टपाल खात्याला हे पटणार नाही. पण ‘बिर्ला मंदिराजवळ, पुलाच्या अलीकडे, विचारलं की कोणीही सांगेल’ एवढ्या पत्त्यावर ज्या भागात गॅस सिलिंडर बरोबर पोचतो तिथे पटायला हरकत नसावी.

डीटीपीवाला निदान एक्सपीवर थांबला. भुसार आणि लोखंडाच्या काही पेढ्यांत त्याहून जुनी दैवतं आहेत : डॉसवर फॉक्सप्रोत लिहिलेला हिशेबाचा कार्यक्रम, काळ्या पडद्यावरची अक्षरं आणि करकर आवाज करत बिल फाडणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. लिहून देणारा प्रोग्रामर कधीच परदेशी गेला. कार्यक्रम गल्ल्याजवळ राहिला. ६४ बिटांची विंडोज असले १६ बिटांचे कार्यक्रम चालवायला साफ नकार देते, म्हणून शेठजींनाही डॉसबॉक्स किंवा व्हर्च्युअल मशीन घ्यावं लागतं. इथे एक सुंदर विकृती दिसते. डॉसला झोपता येत नाही. शेठजींनी कुठली कळ दाबली का, हे तो रिकामा असताना सारखं विचारत राहतो, आणि या विचारपुशीत प्रोसेसरचा एक अख्खा गाभा शंभर टक्के राबतो. बिल नाही, गिऱ्हाईक नाही, शेठजी जेवायला घरी गेलेले, आणि संगणकाचा पंखा घोंघावतोय. नोकरांनी यातून कामसूपणाचा बोध घ्यावा असं शेठजींना वाटतं. विजेचं बिल आल्यावर वाटत नाही.

इथवर यजमानाचा रुबाब शाबूत आहे. पण विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या संगणकांत सुरक्षेसाठी हायपर-व्ही नावाचा थर आधीच चालू असतो आणि तो चालू असला की बाहेरची, थोरली, मालकीण समजली जाणारी विंडोज स्वतःच त्याच्यावर बसलेली असते. मान मोठा, अधिकार जास्त, पण खाली दुसराच कोणी. म्हणजे इतका वेळ पाहुणीवर डोळे वटारणारी यजमानीण मुळात स्वतःच कोणाच्या तरी घरी उतरलेली. व्हर्च्युअलबॉक्सला हे कळतं, आणि तो तळाच्या पट्टीत एक हिरवं कासव दाखवतो. कासवाचा अर्थ : काम होईल, पण सावकाश. ते बघून दुकानातल्या एखाद्या भाविक मदतनिसाने नमस्कार केला तर त्याला हसू नये. आपल्याकडे कासव गाभाऱ्यासमोरच असतं.

या सगळ्याची किंमत काय, असा प्रश्न या भागात पहिला विचारला जातो, इथे तो शेवटी आला. व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य भाग २००७ पासून मुक्त आहे. व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने विकत घेतली आणि मोठ्या कंपन्यांना नव्या दरांनी घाम फोडला. मात्र टेबलावरची वर्कस्टेशन आवृत्ती नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना, धंद्यालासुद्धा, फुकट झाली. आतल्या विंडोजला मात्र वेगळा परवाना लागतो. पाहुणी असली तरी तिच्या नावाचं रेशनकार्ड वेगळं. हे वाक्य उच्चारलं की दुकानात थोडा वेळ शांतता पसरते आणि मग कोणीतरी चहा सांगतं.

तोवर पत्रिका तयार झालेली असते. एक्सपीतल्या पेजमेकरमधून ती पीडीएफ होते, सामायिक फोल्डरमधून विंडोज ११ वर उतरते, तिथून व्हॉट्सअ‍ॅपवर चढते आणि समोरच्याच बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पोचते. गिऱ्हाईक ती वधूपक्षाच्या ग्रुपवर टाकतं. मिनिटभरात मुरबाडहून फोन येतो : सगळं झकास आहे, गणपती तर फारच छान, पण ‘आपले विनीत’मध्ये धाकट्या आत्याच्या मिस्टरांचं नाव राहिलंय, आणि त्यांना कळायच्या आत ते घाला.